हृदयरोग हे आजाराचे नाव नव्हे

मराठी वृत्तपत्रांतल्या निधनवार्तेत एक वाक्य वर्षानुवर्षे ठरून गेले आहे: ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन झाले.’ माणूस अचानक गेला, एवढेच त्यातून पक्के कळते. छातीत दुखले होते का, इसीजी निघाला होता का, आधी महिनाभर पायांवर सूज होती का, हे कुणी विचारत नाही. गावाकडे तर त्याहून थोडक्यात सांगतात, ‘हार्टफेल झाला’. झोपेत गेला तरी हार्टफेल, शेतात काम करताना कोसळला तरी हार्टफेल, आणि रात्री साप चावल्याचे कुणाच्या लक्षातच आले नसेल तर सकाळी तोही हार्टफेलच.

या शब्दाचा खरा घोटाळा दवाखान्यात होतो. डॉक्टर सांगतात, ‘आजोबांना हार्ट फेल्युअर आहे.’ नातेवाइकांना ऐकू येते, आजोबा आता जाणार. डॉक्टरांना म्हणायचे असते ते वेगळेच. हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी झाली आहे किंवा हृदयाची भिंत ताठर झाली आहे. म्हणून चालताना दम लागतो, पावले सुजतात, रात्री दोन-तीन उशा घेतल्याशिवाय पडवत नाही. असा रुग्ण मीठ आवरून आणि गोळ्या न चुकता घेऊन कितीतरी वर्षे काढू शकतो. पण ‘फेल’ हा शब्द परीक्षेच्या निकालासारखा कानावर पडतो. मग ‘आता काय उपयोग’ म्हणून गाडी घराकडे वळते. उपचार असलेला माणूस एका शब्दापायी उपचाराविना राहतो.

हार्ट अटॅक ही आणखी वेगळी गोष्ट. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी अचानक बंद होते आणि नळीच्या पुढचा स्नायू मरू लागतो. त्या वेळी हृदय बहुधा चालूच असते. रुग्ण बोलतो, कधी कधी स्वतः मोटारसायकल चालवत दवाखान्यात येतो, आणि म्हणूनच घरच्यांना तो गंभीर वाटत नाही. कार्डियाक अरेस्ट म्हणजे ठोके प्रत्यक्ष थांबणे. तिथे रुग्ण शुद्धीवर नसतो आणि छाती दाबून रक्त फिरते ठेवण्यासाठी हाताशी मोजकी मिनिटे असतात. अटॅकमुळे ठोके थांबू शकतात, अटॅकनंतर काही महिन्यांनी हृदय कमजोर होऊ शकते, हे खरे. पण तिन्ही एकच नव्हेत, आणि तिन्ही वेळी धावपळ वेगळ्या प्रकारची करावी लागते.

दोष फक्त गावकऱ्यांना देऊन भागणार नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली मृत्यूच्या कारणाचा दाखला डॉक्टरांनी भरायचा असतो. रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४, बाहेरच्यासाठी ४-अ. त्यावर ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने’ असे लिहून मोकळे होण्याची सवय वैद्यकीय व्यवसायात चांगलीच मुरलेली आहे. सूचना मात्र स्पष्ट आहेत: मरण कसे आले ते लिहू नका, कशामुळे आले ते लिहा. हृदय तर मेलेल्या प्रत्येक माणसाचे बंद पडलेले असते. असा दाखला फाइलला पुरतो, पण आजार कोणता होता ते त्यातून कळत नाही. मग जिल्ह्यात लोक नेमके कशाने मरतात, हे ठरवायचे कशावरून?

मुद्दा हा की ‘हृदयरोग’ हा पत्ता आहे, नाव नाही. त्या पत्त्यावर पाच-पन्नास निरनिराळे आजार राहतात.

खानदेशातल्या शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. ‘विहिरीवरची मोटार पाणी देत नाही’ एवढे सांगितल्यावर मेकॅनिक लगेच पाना चालवत नाही. लाइट आहे का, स्टार्टर पडतो का, फूटव्हॉल्व्ह गळतो का, पाइप चोंदला का, वायंडिंग जळले का, हे तो आधी बघतो. हृदय मुठीएवढे, वजनाने तीनशे ग्रॅमच्या आसपास. दिवसाला सुमारे एक लाख ठोके देते आणि मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुढे ढकलते. त्याचा स्नायू म्हणजे मोटार. त्यात चार झडपा आहेत, त्या एका दिशेने उघडतात. ठोक्याची लय धरणारी विजेची यंत्रणा आहे. त्या स्नायूलाच रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी नळ्या आहेत. इथे विजेच्या मोटारीपेक्षा जुने डिझेल इंजिन आठवावे, ज्याची तेलाची बारीक नळी तुंबली की टाकी भरलेली असूनही इंजिन बंद. शिवाय हृदयाच्या कप्प्यांमधला पडदा आहे, त्यात जन्मतः छिद्र राहू शकते. बाहेरून आवरण आहे, त्यात पाणी साचते आणि आपल्याकडे ते बऱ्याचदा टीबीमुळे साचते. यातला कोणताही भाग बिघडला तर त्याला हृदयरोगच म्हणतात. पण टीबीच्या पाण्यावर टीबीची औषधे लागतात, छिद्राला शस्त्रक्रिया किंवा छत्रीसारखे बूच, मंद लयीला पेसमेकर. ब्लॉकेजच्या गोळ्या यातल्या कशालाच पुरत नाहीत.

मोठे आकडे वाचतानाही हे लक्षात ठेवायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये जगात सुमारे १ कोटी ७९ लाख लोक हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी गेले. एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश. बातमीत याचे ‘दर तिसरा मृत्यू हृदयरोगाने’ असे होते. पण त्या बेरजेत अर्धांगवायूही असतो, आणि तो मेंदूच्या रक्तवाहिनीचा आजार आहे. अटॅक आणि अर्धांगवायू मिळून त्या बेरजेतले ८५ टक्के मृत्यू होतात. त्यामुळे जगभरातली जनजागृती याच दोघांभोवती फिरते. २९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिन येतो आणि फलक लागतात: चाला, वजन घटवा, तेल कमी खा.

हे फलक नंदुरबारमध्येही लागतात. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६ लाख ४८ हजार, त्यातले सुमारे ६९ टक्के आदिवासी. शहाद्याच्या किंवा नंदुरबार शहराच्या व्यापाऱ्याला तो फलक लागू आहे, नक्कीच आहे. पण धडगावच्या एखाद्या पाड्यावरून डोक्यावर मोळी घेऊन घाट उतरणाऱ्या बाईला ‘रोज अर्धा तास चाला’ सांगणे म्हणजे थट्टाच. तिला हृदयरोग होणारच नाही असा त्या फलकाचा अर्थ निघतो, आणि नुकसान इथेच होते. तिला होणारा हृदयरोग बहुधा वेगळा असतो, म्हणून तो कुणाच्या नजरेत येत नाही.

तो असा. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा येतो. स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू असतो. दाटीवाटीच्या घरात, आश्रमशाळेच्या एका खोलीत तो सहज पसरतो. घसा चार दिवसांत बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघा सुजतो, दोन दिवसांनी गुडघा उतरतो आणि घोटा किंवा कोपर धरतो. घरचे म्हणतात वात आला, भगत म्हणतो बाहेरचे आहे, आणि काही दिवसांत सांधे आपोआप पूर्ण बरे होतात. सगळे निश्चिंत होतात. पण जिवाणूशी लढायला शरीराने तयार केलेली फौज त्याच वेळी हृदयाच्या झडपांवरही चालून गेलेली असते. सांधे सुटतात, झडप सुटत नाही. पुन्हा घसा आला की पुन्हा हल्ला, आणि दर वेळी झडप आणखी जाड, आणखी आखडलेली. याला संधिवाताच्या तापातून झालेला झडपांचा आजार म्हणतात. श्रीमंत देशांतून तो राहणीमान सुधारल्यावर आणि पेनिसिलिन आल्यावर जवळपास हटला. अमेरिकेत वायोमिंगमधील फोर्ट वॉरन या लष्करी तळावर १९५० च्या सुमारास घसा आलेल्या सैनिकांना पेनिसिलिन देऊन दाखवून दिले गेले की वेळेवर उपचार झाला तर हा ताप येतच नाही. म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ माहीत असलेली गोष्ट. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेला या आजारावर स्वतंत्र ठराव करावा लागला, याचा अर्थ गरीब मुलखांत तो अजून मुक्कामाला आहे.

डावीकडची मायट्रल झडप निरोगी असताना तिचे तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडते. ते दीडच्या खाली गेले की मागे रक्त तुंबते, फुप्फुसात दाब वाढतो आणि दम लागू लागतो. मुलगी कामाला मंद झाली, एवढेच घरात जाणवते. तिचे लग्न होते. दिवस जातात. गरोदरपणात शरीरातले रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढते, आणि सातव्या-आठव्या महिन्यात ते सगळे त्या चिंचोळ्या तोंडातून जायला बघते. आता तिला रात्री बसून काढावी लागते, खोकल्यातून कधी लालसर फेस येतो. उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासतात. ते आठ निघते, कारण या भागात अनेकींचे तसेच निघते. निदान तिथेच थांबते: रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या मिळतात. कुणी दमा म्हणते, कुणी न्यूमोनिया. मराठीत दम लागणे आणि दमा हे शब्द इतके शेजारी आहेत की एकावरून दुसऱ्यावर घसरायला वेळ लागत नाही. सगळ्यात धोक्याची वेळ प्रसूतीची आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांची. अशी बाई बाळंतपणात गेली तर गाव म्हणते, अंगात रक्तच नव्हते. छातीवर नीट स्टेथोस्कोप टेकवला असता, डाव्या कुशीवर वळवून ऐकले असते, तर त्या झडपेची गुरगुर महिनोन्‌महिने आधी कळली असती.

जिची झडप निरोगी आहे तिलाही शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांपर्यंत हृदयाचा स्नायूच अशक्त होण्याचा एक आजार गाठू शकतो. तोही ‘बाळंतवात’, ‘अंगावर सूज’ या नावांखाली दडतो. आजार कमी आढळतो, पण आढळतो.

झडपेवरचा इलाज आजही स्वस्तच आहे. एकदा हा ताप येऊन गेला की दर एकवीस दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे एक इंजेक्शन, किमान पाच वर्षे. झडप बिघडलेली असेल तर दहा वर्षे किंवा त्याहून जास्त. झडप आखडलीच तर फुग्याने तिचे तोंड रुंद करता येते. जपानच्या इनोउए यांनी १९८४ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केल्यापासून अनेकांची छाती उघडण्याची वेळ टळली. अडचण औषधात नाही, दोन साध्या गोष्टींत आहे. पहिली भीती. पेनिसिलिनची रिअॅक्शन येऊन रुग्ण टेबलावर गेला तर गाव दवाखाना जाळेल, असे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरला वाटते. भीती निराधार नाही, पण प्रमाणाबाहेर आहे. गंभीर रिअॅक्शन फार विरळ असते आणि चाचणी, अॅड्रेनॅलिन, अर्धा तास देखरेख एवढी तयारी कोणत्याही केंद्रात होऊ शकते. दुसरी अडचण स्थलांतर. दिवाळीच्या आगेमागे कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, उन्हाळ्यात परततात. सहा महिन्यांत आठ-नऊ इंजेक्शने चुकतात. मूल परत येते तेव्हा कार्ड घरातल्या आढ्याला खोचलेले असते आणि झडपेवर नवा हल्ला होऊन गेलेला असतो.

जिल्ह्यातला दुसरा गोंधळ सिकलसेलचा. भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत हा रक्तदोष मोठ्या प्रमाणावर आहे. १ जुलै २०२३ पासून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू आहे. तपासणी वाढली हे चांगलेच झाले. पण त्यातून एक नवी सवय लागते आहे: कार्डावर ‘सिकल’ लिहिलेले दिसले की पुढचा विचार बंद. सिकलच्या मुलाचे सांधे दुखतात, संधिवाताच्या तापातही दुखतात. दोघांनाही धाप लागते. रक्त पातळ असल्याने सिकलमध्येही हृदयातून कुरकुर ऐकू येते. पातळ रक्तातून पुरेसा प्राणवायू पोचवण्यासाठी हृदयाला वर्षानुवर्षे जादा राबावे लागते, ते मोठे होते, फुप्फुसांतला दाब वाढतो. म्हणजे सिकलसेल स्वतःच एक हृदयरोग घडवतो आणि दुसऱ्याला झाकतोही. सिकल असलेल्या मुलाला झडपेचा आजार होऊ नये असा कुठे नियम आहे? इको केल्याशिवाय दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

इथे वैद्यकाच्या इतिहासातला एक योगायोग सांगण्याजोगा आहे. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनाडाहून आलेल्या दंतवैद्यकाच्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी असल्याचे प्रसिद्ध केले. सिकलसेलची वैद्यकीय साहित्यातली ती सुरुवात. दोनच वर्षांनी, १९१२ मध्ये, याच हेरिक यांनी कोरोनरी नळी अचानक बंद झालेल्या रुग्णाची लक्षणे मांडली. तोवर समज असा होता की ही नळी बंद झाली की माणूस जागीच जातो, डॉक्टरला करण्यासारखे काही उरत नाही. हेरिक म्हणाले, नाही. रुग्ण काही तास, काही दिवस जगतो, कधी पूर्ण बराही होतो, म्हणून जिवंतपणीच निदान करायला हवे. त्यांनी वर्णन केलेला रुग्ण पंचावन्न वर्षांचा होता. जेवणानंतर तासाभराने त्याच्या छातीच्या खालच्या भागात कळ आली. काही तरी बाधले असे वाटून त्याने घशात बोट घालून उलटी काढली. दोन दिवसांनी तो गेला.

शंभरहून अधिक वर्षे झाली आणि बोट घालून उलटी काढणारा तो माणूस अजून गावोगाव भेटतो. फक्त आता तो सोडा पितो, ओवा चावतो, ‘गॅस वर चढला’ म्हणतो. अहिराणीत ‘छातीमा दुखस’ म्हणताना हात बऱ्याचदा पोटाच्या वरच्या टोकावर असतो. मराठीची गंमत अशी की काळीज म्हणजे हृदय, पण मटणाच्या दुकानात काळीज मागितले की यकृत मिळते. शरीराचेही तसेच आहे: हृदयाच्या खालच्या भिंतीला मार बसला की दुखणे पोटात वाटते, मळमळते, घाम फुटतो. स्त्रियांत आणि मधुमेहींत कळ कधी येतच नाही. नुसता थकवा आणि धाप. दक्षिण आशियाई लोकांना पहिला अटॅक लवकर येतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधले वय ५३ होते, इतर देशांतल्या लोकांत ते जवळपास ५९. तंबाखू हे त्यातले मोठे कारण. म्हणून ‘तो तर काटक, त्याला कसला अटॅक’ ही समजूत धोक्याची. विडी ओढणारा काटक माणूसही यातून सुटत नाही.

चाळिशीपुढच्या माणसाला छातीत किंवा बेंबीच्या वर वीस मिनिटांहून अधिक कळ राहिली, घाम आला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर तो गॅस आहे हे इसीजी सांगेल, शेजारी नव्हे. १०८ ला फोन करावा. इसीजी निघेल अशा सर्वांत जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे. सुरतच्या मोठ्या रुग्णालयाच्या वाटेवर आधी चार तास घालवू नयेत. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या एक-दोन तासांत सर्वाधिक उपयोगी असते, बारा तासांनंतर जवळपास निरुपयोगी. अॅस्पिरिनची साधी गोळी चावून घेतली तर काय होते, हे १७ हजारांहून अधिक रुग्णांवरच्या १९८८ च्या चाचणीत दिसले: मृत्यू जवळपास एक चतुर्थांशाने घटले, आणि स्ट्रेप्टोकायनेजच्या इंजेक्शनची जोड मिळाली तेव्हा चाळीस टक्क्यांनी. अॅस्पिरिनची अॅलर्जी, पोटात रक्तस्राव किंवा अर्धांगवायूची शंका असेल तर मात्र ती घेऊ नये. फोनवर डॉक्टरला विचारावे. खिशातली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवण्याची फॅशन आहे, तिचा मोह आवरावा. आधीच रक्तदाब उतरलेल्या माणसाचा ती आणखी उतरवते.

नर्मदेकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना आहे, पण अनेक पाड्यांवरून आजही झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते, हे खरे आहे. त्या लोकांना ‘लवकर या’ सांगणे सोपे. म्हणून तर पहिली गोळी आणि पहिला इसीजी यांनीच वर चढून त्यांच्याकडे जायला हवे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनची तयारी आधीच करून ठेवणारा जिल्हा म्हणून नंदुरबारचे नाव देशभर झाले. त्याच जिल्ह्याला हे जमणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

रक्तदाबाचे मात्र वेगळे रडगाणे नको. तो मुका आजार आहे, मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजल्यावर स्वस्त गोळ्यांनी आवरतो. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने तो उतरतो हे १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले आणि १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. आता सर्पगंधेपेक्षा चांगली औषधे आहेत. ती डोके दुखेल तेव्हा घ्यायची नसतात, रोज घ्यायची असतात. लोणचे, पापड, मिरचीचा मिठाळ ठेचा यांवर हात आखडावा. एवढे पुरे.

नावाचा आग्रह का, याचे सर्वांत व्यावहारिक उत्तर सरकारी योजनेतच आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जन आरोग्य योजनेत ‘हृदयरोग’ असे पॅकेज नाही. झडप बदलणे, फुग्याने झडप उघडणे, छिद्र बंद करणे, स्टेंट, बायपास, पेसमेकर अशी नावे आहेत. ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात हृदयदोष वेगळा आणि संधिवाताचा झडपविकार वेगळा आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते, अठरा वर्षांपर्यंत शस्त्रक्रियेची सोय होते. नेमके नाव हातात असलेला बाप मुलाला घेऊन योग्य खिडकीपाशी पोचतो. ‘हार्टचा प्रॉब्लेम’ एवढीच चिठ्ठी असलेला बाप तीन शहरे फिरतो आणि पेरणीच्या दिवसांत परत येतो.

म्हणून रुग्णाने डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर मराठीत कागदावर लिहून घ्यावे: हृदयाचा कोणता भाग बिघडला आहे, कशामुळे बिघडला, आणि औषध किती दिवसांचे. डॉक्टरला याचा राग आला तर येऊ द्यावा. आणि डॉक्टरांनी ‘आरएचडी’, ‘एमएस’, ‘डीसीएम’ अशी तीन अक्षरे खरडण्याऐवजी ‘डावी झडप आखडली आहे, लहानपणीच्या सांध्याच्या तापामुळे, दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन’ असे लिहायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागत नाही. जिथे पावरी किंवा भिली बोलणारा रुग्ण आहे तिथे आशाताईंनी ते त्याच्या बोलीत सांगावे; त्या ते डॉक्टरांपेक्षा चांगले सांगतात.

प्रशासनासाठी दोनच कामे पुरेशी आहेत. प्रत्येक गरोदर बाईच्या छातीवर पाचव्या महिन्यात डॉक्टरने स्टेथोस्कोप ठेवलाच पाहिजे, आणि शंका आली तर इको होईपर्यंत तिला सोडू नये. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही अपेक्षा आता अवास्तव नाही. दुसरे काम त्याहून स्वस्त. पेनिसिलिनच्या कार्डाची एक प्रत मराठीत आणि एक गुजरातीत छापावी, प्लास्टिकमध्ये घालून द्यावी, आणि ऊसतोडीचे ट्रक निघण्याआधी त्या मुलांना त्या महिन्याचे इंजेक्शन देऊन पुढच्या तारखा त्यावर लिहाव्यात, म्हणजे बारडोलीच्या किंवा व्याऱ्याच्या आरोग्य केंद्रातली नर्स ते कार्ड वाचून सुई टोचू शकेल.